मागच्या अंगणातला होम

एकदा मनावर घेतलं की माणसाला काहीही जमतं, असं उदय कर्णिकचं ठाम मत होतं, आणि या खेपेला त्याने बार्बेक्यू मनावर घेतला होता.

कारणही तसंच जबरदस्त होतं. त्याची मुलगी आभा बेंगळूरुला नोकरीला होती. तिथे तिची गाठ शशांक लाडशी पडली. मुलगा हुशार, शांत आणि पुन्हा म्हैसूरचाच. लाडांचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून घोड्यावर बसून इकडे आलं होतं. पुढे घोडे गेले, लाड राहिले. शशांकचे वडील रणोजीराव शहराबाहेर वरुणा गावाजवळ ऊस आणि गाई सांभाळत. आई वनजाबाई कन्नडच्या निवृत्त शिक्षिका. रणोजीरावांची काही हरकत नव्हती, पण वनजाबाईंच्या मनात एक अढी होती. कर्णिक मंडळी बॉम्बेकडची. अठरा वर्षं म्हैसूरच्या गोकुलममध्ये राहतात, पण त्यांच्या घरी कधी पूजा नाही, आरती नाही, दारात कधी मांडव नाही. अशा घरातली मुलगी आपल्याकडे रुळेल का, असा त्यांचा प्रश्न होता. हो म्हणण्यापूर्वी एकदा घर बघून येऊ, असं त्यांनी शशांकला सांगितलं होतं.

ही अढी शशांकने आभाला सांगितली नाही, म्हणजे आभाने बापाला सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे उदयला एवढंच कळलं की शनिवारी संध्याकाळी लाड मंडळी येणार आहेत आणि ती मटण-चिकन खाणारी आहेत. त्याच्या दृष्टीने एवढी माहिती पुष्कळ होती.

"धगीभोवती चार माणसं उभी राहिली की सोयरीक आपोआप जमते," तो अलकाला म्हणाला. "तू फक्त बघत राहा."

अलका गेली सत्तावीस वर्षं बघतच होती. चिकन गॅसवर केलं तर काय बिघडेल, असं तिने विचारून पाहिलं. पण उदय व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्याचा प्रमुख होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केल्यामुळे आपल्याही हातून चूक होऊ शकते, हे त्याच्या लक्षात येणंच बंद झालं होतं. त्याने बार्बेक्यूचे चाळीस व्हिडिओ पाहिले, वहीत आकृत्या काढल्या आणि गुरुवारी रजा टाकून मागच्या अंगणात खड्डा खणायला घेतला.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अगदी चौकोनी. भोवती विटांचे तीन थर, एकेक पायरी मागे सरकत गेलेले. वारा नीट खेळावा म्हणून तशीच रचना लागते, असं व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. उदयने पातळी लावून एकेक वीट बसवली आणि लांब उभा राहून बघितलं. फारच सुबक दिसत होतं.

नेमकं त्याच वेळी कंपाउंडच्या भिंतीवरून कमलाक्षीबाईंचं डोकं वर आलं. कमलाक्षीबाई शेजारच्या घरात एकट्या राहत. वय बाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, मराठी बोलताना मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणाऱ्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा आठवड्यातले ठरावीक दिवसच चाले. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. अग्नीचं काही काम काढलंय की काय, असं त्यांनी विचारलं.

आता 'मावशी, इथे मी कोंबडी भाजणार आहे' असं बाहत्तर वर्षांच्या सोवळ्या बाईला तोंडावर सांगणं उदयच्या जिवावर आलं. त्याने मधला मार्ग काढला. हो, अग्नीचंच काम आहे म्हणाला. आभाच्या सोयरिकीची माणसं, वरुणाजवळचे लाड, शनिवारी येणार आहेत, म्हणून हे सगळं, असंही सांगितलं. एक अक्षर खोटं बोललो नाही, याचं त्याला समाधान वाटलं.

कमलाक्षीबाईंनी किती वाजता पेटवणार ते विचारलं. चारला, तो म्हणाला.

"संध्याकाळी? हे सकाळी करतात की रे."

"नाही मावशी, आमच्याकडे संध्याकाळीच करतात. तेव्हाच मजा येते."

कमलाक्षीबाईंना 'मजा' हा शब्द थोडा खटकला. पण बॉम्बे साइडला तशी पद्धत असेल, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरून आंब्याच्या वाळक्या काटक्यांची मोळी आणि अर्धा किलो साजूक तूप दिलं. अग्नीला लागेल म्हणाल्या. उदय चाट पडला. आंब्याच्या लाकडाच्या धुराने चव येते, हे त्या व्हिडिओत सतराव्या मिनिटाला होतं, आणि तूप तर चिकनवर फिरवायला लागणारच होतं. मावशींना सगळं कळलेलं आहे आणि तरीही त्यांनी मदत केली, म्हणजे काय मोठं मन या बाईचं, असं तो अलकाला दिवसभर सांगत होता. आपला भाचा श्रीहरी येईल, त्याला अग्नीची चांगली सवय आहे, सगळं तोच बघेल, असंही मावशी जाता जाता म्हणाल्या. श्रीहरी हा कुठल्या तरी हॉटेलात तंदूर सांभाळत असणार, असं उदयने धरून टाकलं. अलकाला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण नेमकं काय ते तिला सापडेना, आणि तोवर चार किलो चिकन घरी येऊन पडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी भजनी मंडळात कमलाक्षीबाई वनजाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. दोघींची वीस वर्षांची ओळख. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांनी उद्या होम ठेवलाय, असं कमलाक्षीबाईंनी दोन भजनांच्या मध्ये सांगितलं. वनजाबाईंच्या हातातले टाळ थांबले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कुंड मी डोळ्यांनी बघितलंय, एक वीट इकडची तिकडे नाही, असं उत्तर आलं.

घरी जाऊन वनजाबाईंनी उद्या होम होईपर्यंत कुणी काही खायचं नाही, असं जाहीर केलं. रणोजीरावांनी थोडं चाचरत सांगितलं की शशांक फोनवर काहीतरी वेगळंच म्हणत होता, कोळशावर भाजण्याबद्दल. तुम्हाला फोनवरचं कधी धड ऐकू येतं, असं वनजाबाईंनी विचारलं. खरंच येत नसे. रणोजीराव शनिवारी सकाळी पेलाभर दूध पिऊन गप्प बसून राहिले.

शनिवारी चार वाजता उदय पूर्ण तयारीत होता. अंगात हाफपँट, त्यावर हसऱ्या कोंबड्याचं चित्र असलेला अ‍ॅप्रन, हातात हातभर लांब चिमटा. दही, तिखट आणि मसाला चोळलेलं चिकन फ्रिजमध्ये मोठ्या पातेल्यात मुरत होतं. आभा आणि शशांक बेंगळूरुहून दुपारच्या गाडीने निघाले होते, सहापर्यंत पोचणार होते. फाटक वाजलं तसा उदय चिमटा हलवतच पुढे गेला.

फाटकात रणोजीराव उभे होते. पांढरं शुभ्र पंचे, म्हणजे इकडचं लुंगीवजा धोतर, खांद्यावर जरीकाठी उपरणं, कपाळाला गंध, पाय अनवाणी. त्यांच्या शेजारी वनजाबाई, अंगावर हिरवी रेशमी साडी, केसांत मल्लिगेच्या फुलांचा गजरा, हातात नारळ, केळी आणि विड्याच्या पानांनी भरलेलं ताट. मागे कमलाक्षीबाई. त्यांच्याही मागे दर्भाची जुडी काखेत मारलेला, उघड्या अंगावर उपरणं घेतलेला एक चाळिशीचा माणूस. तोच श्रीहरी.

श्रीहरीने उदयला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कोंबड्यापाशी त्याची नजर जरा रेंगाळली. मग यजमान अजून सोवळ्यात नाहीत का, असं त्याने शांतपणे विचारलं.

त्या क्षणी उदयच्या डोक्यात खड्डा, विटा, काटक्या आणि तूप हे सगळं एकदम जागच्या जागी जाऊन बसलं. तपासणी खात्यातल्या माणसाला एवढा मोठा दोष तीन दिवस दिसू नये, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. त्याने मागे वळून अलकाकडे पाहिलं. अलकाने डोळे मिटून घेतले होते.

अजूनही वेळ गेली नव्हती. हसून खरं सांगून टाकता आलं असतं. उदयने तोंड उघडलंही. पण त्याच्या आधी वनजाबाई बोलल्या.

"खरं सांगते, रागावू नका. तुमच्याकडे देवाचं काही नसतंय म्हणून समजले होते मी. हो म्हणायला मन होत नव्हतं. काल कमलाक्षी अक्कांनी सांगितलं आणि सगळं मळभ गेलं बघा."

उदयने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून, या, आत या, एवढंच म्हणाला.

पुढची दहा मिनिटं म्हणजे नुसती धावाधाव होती. अलकाने अ‍ॅप्रन ओढून काढला, चुरगळून वॉशिंग मशीनमध्ये कोंबला आणि नवऱ्याला हळू आवाजात जे काही सांगायचं ते सांगितलं. उदयकडे सोवळं नव्हतं. श्रीहरीने पिशवीतून जास्तीचं पंचे काढून दिलं. ते नेसताना उदयला गाठ कुठे मारतात ते कळेना, म्हणून त्याने ती सगळीकडेच मारली.

अंगणात श्रीहरी खड्ड्याभोवती फिरत होता. बांधणी उत्तम आहे, असं त्याने कबूल केलं. मग वरच्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवून त्याने ती कशाला ते विचारलं.

"पाखरं पडू नयेत म्हणून," उदय म्हणाला.

श्रीहरीने वर आभाळाकडे पाहिलं, उदयकडे पाहिलं आणि जाळी उचलून बाजूला ठेवली. तो आठवडाभर एका कॉलेजच्या कार्यालयात कारकुनी करायचा आणि शनिवार-रविवार भिक्षुकी. त्यामुळे लोकांच्या उत्तरांवर फार विचार करायचा नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

सगळे चटयांवर बसले. उदय आणि अलका कुंडासमोर पाटांवर. गोत्र विचारल्यावर उदय गडबडला. अलकाने पटकन सांगितलं, पण ते तिच्या माहेरचं निघालं, मग दोघांनी मिळून दुसरं आठवलं. वनजाबाई कौतुकाने बघत होत्या. रणोजीराव केळ्यांकडे बघत होते. आंब्याच्या काटक्यांनी पेट घेतला. श्रीहरीने उदयच्या तळहातावर पाणी आणि अक्षता दिल्या आणि संकल्प सुरू केला. मी सांगेपर्यंत हात हलवायचा नाही आणि दोघांनी जागचं उठायचं नाही, असं बजावलं.

आणि मग त्याने पंचामृतासाठी दही मागितलं.

अलका उठायला लागली तशी कमलाक्षीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस ग. संकल्प चाललाय. मी आणते. फ्रिजमधे असेल की?"

उदयने अलकाकडे पाहिलं, अलकाने उदयकडे पाहिलं. हातात पाणी घेतलेला माणूस काय करणार? कमलाक्षीबाई चप्पल नसलेल्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरल्या. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. पातेल्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. चमचा पातेल्याच्या काठावर वाजला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. नंतर नळ सुटला. तो बंद झाला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सुटला.

कमलाक्षीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. कित्येक वर्षं वर्गात कॉपी पकडलेल्या बाईच्या आवाजात त्या म्हणाल्या,

"उदय, दह्यात पाय हाय."

श्रीहरीचा मंत्र थांबला. वनजाबाईंनी कुणाचा पाय, असं विचारलं. 

मग उदयने, तळहातावरचं पाणी सांडू न देता, सगळं सांगितलं. चाळीस व्हिडिओ, खड्डा, भिंतीवरचं बोलणं, काटक्या, तूप, तंदूरवाला भाचा, काही लपवलं नाही. पाखरांचंही सांगितलं. हात त्याने शेवटपर्यंत खाली केला नाही.

वनजाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मघाचं सगळं कौतुक पुसलं गेलं होतं. अलकाला वाटलं, झालं, आता आभाला कुठल्या तोंडाने सांगायचं. सहा वाजता पोरगी हसत येणार आणि इथे तिच्या बापाने पंचे नेसून तिचं लग्न मोडलेलं असणार.

"तुम्ही फाटकातच का नाही सांगितलं?" वनजाबाईंनी विचारलं.

"सांगणार होतो," उदय म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात, सगळं मळभ गेलं. ते परत आलेलं मला बघवलं नसतं. पोरीचा प्रश्न होता."

 काटक्या तडतडत होत्या. आल्यापासून एक शब्दही न बोललेल्या रणोजीरावांनी तेव्हा पहिल्यांदा घसा साफ केला.

"किती किलो?"

"चार," उदय म्हणाला.

रणोजीरावांनी श्रीहरीकडे वळून, भटजींना इकडे म्हणतात तसं, भट्टरे, स्वल्प लवकर आटपा, असं सांगितलं. वनजाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की एरवी ते वरुणापर्यंत चालत गेले असते. पण सकाळपासून पोटात फक्त पेलाभर दूध होतं आणि भुकेने माणसाला धीर येतो. शशांक बार्बेक्यूच म्हणाला होता, मला बरोबर ऐकू आलं होतं, असं त्यांनी भरसभेत बायकोला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच फोनवरचं ऐकणं खरं ठरलं होतं आणि ते त्यांना असं वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

आधी श्रीहरी हसला. त्याने उपरण्याचा बोळा तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मग कमलाक्षीबाईंना हसू फुटलं. होम हा शब्द उदयने एकदाही उच्चारला नव्हता, सगळं आपणच जुळवलं, हे त्यांच्या आता ध्यानात येत होतं. चूक माझी पण हाय वनजा, असं त्या म्हणाल्या.

वनजाबाई उभ्याच होत्या. त्यांनी श्रीहरीला, हातात पाणी घेतलेला संकल्प अर्धा सोडता येतो का, असं विचारलं. तो म्हणाला, येत नाही. त्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि त्या परत चटईवर बसल्या.

"मग करा पुरा," त्या म्हणाल्या. "आता तरी मनापासून करा."

उदयने केला. इतक्या मनापासून त्याने आयुष्यात कशालाही हात जोडले नसतील. दही कमलाक्षीबाईंनी स्वतःच्या घरून आणलं.

होम संपला आणि खरी पंचाईत तेव्हा उभी राहिली. एवढं खपून बांधलेला खड्डा आता होमकुंड झाला होता. या अग्नीवर कोंबडी नाही, आणि पाणी ओतून विझवायचाही नाही, तो आपोआप शांत होऊ दे, असं श्रीहरीने सांगितलं. रणोजीरावांचा चेहरा अगदी लहान झाला. पण उदय हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने वाळूचं एक जुनं घमेलं शोधून काढलं, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, त्यात कोळसे भरले आणि वर जाळी ठेवली. खाली घातलेले कागद जळून राख झाले, कोळसे पेटेनात. त्याने पुठ्ठ्याने वारा घातला. शेवटी आभाचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि चालू केला. घमेल्यातली सगळी राख एका झोतात उडाली, आणि त्यातली निम्मी हिरव्या रेशमी साडीवर जाऊन बसली.

 वनजाबाईंनी डोळ्यांतली राख पुसली आणि त्या लांब जाऊन बसल्या.

कोळसे मात्र पेटले, आणि पेटले ते असे की पाच मिनिटांत चिकन बाहेरून डांबरासारखं काळं झालं. उदयने एक तंगडी थाटात रणोजीरावांना दिली. त्यांनी भुकेल्या माणसाच्या श्रद्धेने चावा घेतला, थांबले आणि अलकाकडे बघून अतिशय नम्रपणे म्हणाले की कोंबडी आतून अजून जिवंत आहे.

तेव्हा अलका उठली. तिने जाळीवरचं आणि पातेल्यातलं सगळं चिकन गोळा केलं, स्वयंपाकघरात नेलं, खोबऱ्याचं वाटण लावलं आणि कुकरला चार शिट्ट्या दिल्या. साडेसहाला आभा आणि शशांक आले तेव्हा मागच्या अंगणात एका टोकाला होमाचा अग्नी शांत होत होता. दुसऱ्या टोकाला घमेलं धुमसत होतं. तिच्या बापाचं पंचे तीन गाठींनी लोंबत होतं आणि तिची होणारी सासू केसांतली राख झटकत तिच्या आईला रश्शात खसखस घातली आहे का ते विचारत होती. आभाने, इथे काय झालं, असं विचारलं. सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली, त्यामुळे तिला काहीच कळलं नाही.

कमलाक्षीबाई आणि श्रीहरी भिंतीपलीकडे त्यांच्या घरी जेवून परत आले. इकडे लाडांच्या दोघा पुरुषांनी पातेलं तळापर्यंत नेलं. धुराचा वास लागलेला रस्सा खरोखरच फार चविष्ट झाला होता, आणि त्याचं श्रेय कोळशाला द्यायचा उदयने दोनदा प्रयत्न केला. कुणी लक्ष दिलं नाही.

जेवणं झाल्यावर वनजाबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि आभाला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. मला मुलगी पसंत आहे, असं सरळ सांगितलं. अलकाचे डोळे भरून आले. श्रीहरी म्हणाला, सगळे बसलेलेच आहात तर याद्याही आजच करून टाकू, आणि त्याने एक कागद घेऊन वर श्री काढला.

कुणाकडून काय, कुठे काय, हे भराभर ठरत गेलं. शेवटी श्रीहरीने मुलाकडच्यांची काही खास अट आहे का ते विचारलं. वनजाबाई म्हणाल्या, एकच आहे.  उदय पाटावर ताठ बसला.

"लग्नात स्वयंपाकाच्या जागी यांनी पाऊल टाकायचं नाही," वनजाबाई म्हणाल्या. "विस्तवाजवळ तर नाहीच नाही. लिहून घ्या, भट्टरे."

श्रीहरीने लिहिलं. मग त्याला शंका आली. त्याने लेखणी थांबवून सांगितलं की कन्यादानाला मुलीच्या बापाला होमाजवळ बसावंच लागेल, त्याला इलाज नाही.

वनजाबाईंनी थोडा विचार केला. रणोजीरावांकडे पाहिलं, कमलाक्षीबाईंकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या,

"बरं, बसू देत तेवढं. पण दोन्ही हात मांडीखाली ठेवून."

श्रीहरीने तेही लिहिलं आणि कागद उदयपुढे सरकवला. उदयने मान खाली घालून सही केली. अलकाने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.